जागा सोडू नका

अरमान, ते पेन खिशात घाल. अहवाल उद्या सकाळी लिहू. आज दिवसभर आपण आष्टीत त्या अपघाताच्या साक्षीदाराला विचारत हिंडलो, तो सापडला नाही, मान्य आहे. पण ‘मिळून आला नाही’ असं रात्री लिहू नये. इतकी वर्षं वकिली केली, मी तरी लिहीत नाही.

का म्हणून विचारतेस, ज्योत्स्ना? सांगतो. तशीही लाईट गेलीय, आणि विश्रामगृहाचा खानसामा जेवण घेऊन यायला अजून वेळ लावणार. दार तेवढं लोटून घे, थंडी आत येतेय.

माझ्या मित्राची गोष्ट आहे. अशफाक वकील. तुम्ही त्याला पाहिलं नसेल, तो आता कोर्टात येत नाही. पण बीडच्या कोर्टात त्याचं टेबल वर्षानुवर्षं माझ्या टेबलाला लागून होतं. ईदेला शिरखुर्म्याचा डबा त्याच्याकडून माझ्याकडं, आणि चौदा एप्रिलला खिरीचं पातेलं माझ्याकडून त्याच्याकडं. इतकी ओळख.

माणसं शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाटणीच्या दाव्यात एखादा वारस परागंदा झालेला असायचा. खटल्यातली साक्षीदार पोरगी लग्न होऊन कुठं गेली ते पोलिसांनाही ठाऊक नसायचं. अशफाक मोटारसायकलला किक मारायचा आणि आठवड्याभरात त्या माणसाला घेऊन कोर्टात उभा. मला म्हणायचा, “शहादेव, माणूस नाव बदलतं, गाव बदलतं, पण दुखणं बदलत नाही. आणि पत्ता दोस्ताला विचारू नये, दुश्मनाला विचारावा. दोस्त विसरून जातो.”

त्याची शोधायची वाट ठरलेली होती. आधी जन्मगाव. मग शाळा. मग सासुरवाडी. मग माणूस रोज चहा पितो ती टपरी. या चार ठिकाणी नीट विचारलं की पुढं थेट त्याचा उंबराच, असं म्हणायचा.

दोन हजार एकोणीस साल. धारूरच्या घाटाखाली एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून हयात आहेत. तिथं दोघं भाऊ, थोरल्याचं नाव सिदू. बाप वारला. बापाची डोंगरकडेची जमीन सोलरच्या कंपनीला द्यायचं भावांच्या मनात होतं, पण वारसांत तिसरं नाव येत होतं. बहिणीचं. अंजना. तिची सही पाहिजे. आणि भाऊ म्हणत होते, ती कधीच मेली.

कायदा तुम्हाला माहीत आहे. जवळच्या माणसांना सात वर्षं ज्याची खबरबात नाही, तो मेला असं कोर्ट धरतं. भावांनी तसाच दावा लावला. पण न्यायाधीशबाई कडक होत्या. त्या म्हणाल्या, पेपरात नोटीस छापून भागायचं नाही, कुणीतरी जाऊन खरंच शोधा. आणि त्यांनी शोध घ्यायला अशफाकला नेमलं.

तो गेला. भावांशी बोललाच नाही, गावच्या कासारणीला गाठलं. पोरी कुठं नांदतात ते बांगड्या भरणाऱ्या बाईइतकं कुणाला कळत नाही. ती म्हणाली, अंजनाला नवऱ्यानं हाकलली. ती माहेरी आली, तर भावांनी घरात घेतली नाही. दोन रात्री ओसरीवर काढल्या आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेली. पोरीला दमा होता बिचारीला, लहानपणापासून.

अशफाकला एवढं बस झालं. दम्याचं माणूस औषधाशिवाय राहत नाही. त्यानं धारूरपासून ते इथपर्यंत रस्त्यावरची औषधाची दुकानं विचारत आणली. इथल्याच आष्टीतल्या एका मेडिकलवाल्यानं सांगितलं, आहे अशी एक बाई. दम्याचा पंप न्यायला येते. डोंगराच्या पायथ्याला पत्र्याच्या घरांची वस्ती आहे, तिथं राहते.

पितृपंधरवडा चालू होता. अशफाक वस्तीवर पोचला तेव्हा ती नुकत्याच शेणानं सारवलेल्या दारात बसून मटकी निवडत होती. पंचेचाळिशीची असेल. अंगानं काटकुळी.

“अंजनाबाई ना?”

ती उठून उभी राहिली. “माजं नाव कुनी सांगितलं तुमाला?”

“मी वकील आहे. बीडहून आलोय.” मग त्यानं बाप गेल्याचं सांगितलं.

ती खाली बसली. रडली नाही. नुसती धाप शमायची वाट बघत बसली. मग म्हणाली, “कदी?”

त्यानं सगळं सांगितलं. बाप, जमीन, दावा. म्हणाला, “तुमचे भाऊ म्हणतात, तुम्ही मेलात.”

“आन् तुमी काय म्हन्ता?”

“मी तर तुम्हाला समोर बघतोय.”

“मंग तसं लिवा, साहेब. जमीन मला न्हाई पायजे. कंपनीला देऊ द्या, न्हाईतर वढ्यात घालू द्या. पर बापाच्या कागदावर माजं नाव ऱ्हाऊ द्या. मी हाय. मी हाय येवढं लिवा.”

तो म्हणाला, लिहितो. तारीख लागली की स्वतः गाडी घेऊन येतो, तुम्हाला न्यायाधीशबाईंसमोर उभं करतो.

तिनं विचार केला. “दिवाळी झाली की समदी वस्ती कारखान्याला जाती. मुकादम कुनासाटी थांबत न्हाई.”

“तुम्ही जाऊ नका. मी येईपर्यंत जागा सोडू नका, अंजनाबाई. जागा सोडली की माणूस सापडत नाही.”

“मंग मी कशी सापडले?”

तो हसला. आपल्या कसबाचा अभिमान होता त्याला. त्यानं तिला सगळी वाट सांगितली. आधी जन्मगाव, मग शाळा, मग सासर, मग टपरी, मग उंबरा. ती मान डोलवत ऐकत होती. म्हणाली, “सोपं हाय की हे.”

परत आला आणि त्याच आठवड्यात सिदू त्याला भेटायला बीडात आला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, “वकीलसाब, सरकारी वकिलासाटी तुमचं नाव गेलंय म्हनं. तिथं वर आपल्या बोलन्यातला मानूस हाय. मी शबूद टाकतो. आमची भैन काय, मेलीच हाय ना? ती आता कुनाला घावती?”

अशफाक हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. चहा मागवला.

ती नेमणूक त्याला लई वर्षांपासून पाहिजे होती. त्याच्या वालिदांनी कोर्टाच्या आवारात टाईपरायटर बडवत जन्म काढला होता. त्यांच्या पोराच्या दारावर सरकारी वकील अशी पाटी लागावी, येवढंच. त्यात काय चूक? पण दोन दिवसांनी त्यानं अहवाल दाखल केला. सर्वतोपरी शोध घेतला. सदर महिला मिळून आली नाही. खाली सही.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला त्यानं नंतर सांगितलं, सगळं झाल्यावर.

निकाल लागला. अंजना कागदावर मेली. दिवाळी झाली, वस्त्या रिकाम्या झाल्या. अशफाकला कळत होतं, की निदान जाऊन तिला सांगावं, बाई, थांबू नका, टोळीबरोबर जा. पण सांगायचं म्हणजे तोंड दाखवायचं. आज जातो, उद्या जातो करत राहिला.

नोव्हेंबरात एकदा तो कामानं नगरला निघालता. त्या वस्तीच्या फाट्यावर त्यानं गाडी हळू केली. लांबून पत्र्याची घरं दिसत होती. सगळी बंद. आणि त्यातल्या एकाच घरावर चुलीचा धूर होता.

त्यानं धूर पाहिला. गिअर टाकला. पुढं निघून गेला.

मला म्हणाला, “शहादेव, तेवढं एक जरी केलं नसतं ना…”

मग वर्तमानपत्रात नेमणुकीची बातमी आली. बाररूममध्ये पेढे वाटले. अशफाकनं पेढा हातात धरला, सगळ्यांशी बोलला, आणि तसाच टेबलाच्या खणात ठेवून दिला. मी पाहिलं. मला वाटलं, शुगर वाढली असेल.

डिसेंबरात त्याच्या गावाहून चुलत्याचा फोन आला. “अशफाक, कोन बाई हाय रे? तुझा जन्म कोन्त्या घरात झाला इचारत होती. मी दाखवलं घर.”

अशफाकला वाटलं, कुणी पक्षकार असेल.

पाच-सहा दिवसांनी त्याच्या जुन्या शाळेचे गुरुजी भेटले. म्हणाले, तुझी चौकशी करत एक बाई आली होती. तुझी बायको कुठली, ते विचारलं. बस म्हटलं तर बसली नाही. पाणी देऊ केलं, घेतलं नाही. फार धाप लागली होती तिला.

धाप.

अशफाक त्या रात्री झोपला नाही. तिला निकाल कळला असणार. ती हुडकत येतेय. तिनं दारात उभं राहून बायकोसमोर, सईदासमोर विचारलं, तुमी काय लिवलं साहेब, तर काय सांगायचं? त्यानं तेव्हाच जायला हवं होतं. नाही गेला.

मग धारूरहून सासूचा फोन. एक बाई आली होती. सईदाला बीडात कुठं दिली, विचारत होती. लई लांबून चालत आल्यागत वाटत होती. दारातच उभी राहिली.

जन्मगाव झालं. शाळा झाली. सासुरवाडी झाली.

सव्वीस डिसेंबर. गुरुवार, मार्गशीर्षातली अमावास्या. सकाळी सूर्यग्रहण होतं, रस्ते ओस पडले होते. कोर्टाला नाताळची सुट्टी. अशफाक फायली आणायला म्हणून गेला, तर टपरीवाल्यानं हाक मारली. “वकीलसाहेब, ग्रहणातच एक बाई आलती. घर कुठं तुमचं, म्हनाली. मी सांगितलं.”

फायली तिथंच राहिल्या. तो घरी आला, दार लावलं आणि बसून राहिला. दुपार झाली. कुणी आलं नाही. तिसरा प्रहर कलला. कुणी आलं नाही. मग त्याच्या मनानं घेतलं, ती परत गेली असेल. एस्टीनं गेली असेल वस्तीवर. आपणच जाऊ. तिथं तिचे पाय धरू, इथं सईदासमोर नको. सईदाला म्हणाला, आष्टीला काम आहे. गाडी काढली.

वस्तीवर पोचला तेव्हा अंधार पडला होता. अमावास्येचा अंधार. एकाही घरात दिवा नाही. सगळ्या दारांना कुलपं. कुत्रंसुद्धा नव्हतं.

अंजनाच्या दाराला कुलूप नव्हतं. बाहेरून काडी अडकवलेली होती.

“कोन हाय?”

मागून आवाज आला. एक म्हातारी, हातात कंदील, दुसऱ्या हातात शेळीची दोरी. चंद्रभागाबाई. टोळीबरोबर जायचं वय राहिलं नाही म्हणून त्या घरामागच्या खोपटात मागं राहिलेली.

“अंजनाबाई कुठंयत?”

म्हातारीनं कंदील वर केला. त्याचं तोंड पाहिलं. “तुमी वकील का?”

त्यानं मान हलवली.

“लई उशीर केला, बाबा. चंपाषष्ठीला गेली ती.”

“कुठं गेली?”

“कुठं म्हंजी? मेली.”

अशफाक गाडीला टेकला.

म्हातारी सांगत राहिली. मुकादम दोनदा आला, ही गेली नाही. वकील येनार हाय म्हनली, जागा सोडायची न्हाई. पंप संपला. आणून द्यायला वस्तीत कुणी नव्हतं. मला धड दिसत न्हाई, मी काय आष्टीला जाते? रात्री धाप लागायची, ती मला माझ्या घरात ऐकू यायची. मग एका रात्री आली न्हाई ऐकू. दोन दिवसांनी दार उघडलं.

“भावांना कळवलं?”

“कळवलं की. फोन लावला पंचायतीच्या पोरान्नी. ते म्हनले, आमची भैन कवाच मेली, आमच्याजवळ कोर्टाचा कागद हाय. ही कोन बाई आमाला ठाव न्हाई.” म्हातारीनं शेळी जवळ ओढली. “बेवारस म्हनून जाळली. पंचायतीनं.”

चंपाषष्ठी… म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला. चुलत्याचा फोन त्यानंतरचा. गुरुजी त्यानंतर. सासू त्यानंतर.

टपरीवाला आज सकाळचा.

खिशातला फोन वाजला. सईदा.

“अजी, तुम्ही कुठं आहात? ती बाई आलीय.”

“…कोण?”

“तुम्ही बोलावलं होतं म्हणाली. मी घेतलं आत. किती दमलीय हो, जीव आहे की नाही अंगात. पाणी मागितलं तिनं. दोन तांबे प्यायली.”

अशफाकनं फोन कानाला घट्ट धरला. फोनमध्ये सईदाच्या पाठीमागं काहीतरी ऐकू येत होतं. आत ओढलेला श्वास. थांबायचा… मग परत.

“काय म्हणते ती?” त्यानं कसंबसं विचारलं.

“काही नाही. घर बघितलं आणि म्हणाली, घावलं.”

फोन तुटला.

परत लावला. लागला नाही. डोंगरात रेंज जाते इथं, तुम्ही आज पाहिलंच. त्यानं गाडी वळवली. म्हातारी काहीतरी ओरडत होती, ते त्यानं ऐकलं नाही. बीडपर्यंत दोन तासांची वाट. वाटेत कुठं वळलो, काय आडवं आलं, काही आठवत नाही म्हणाला. एवढंच आठवतं, की गाडीच्या काचा बंद होत्या, आणि तो मोठमोठ्यानं बोलत होता. लिहितो. उद्याच लिहितो. तुम्ही होता. लिहितो.

दुसऱ्या मजल्यावर त्याचं घर. सईदानं दार उघडलं. तोंडावर बोट ठेवलं.

“हळू. झोपलीय.”

“कुठं?”

“स्वयंपाकघरात. मी म्हटलं, बाहेरच्या खोलीत झोपा, गादी घालते. नको म्हणाली. म्हणाली, मला येवढी जागा पुरती.”

आतलं दार लोटलेलं होतं.

आतून आवाज नव्हता. श्वासाचाही.

त्यानं दार ढकललं.

दिवा लावला.

कुणी नव्हतं.

खिडकीला लोखंडी गज. बाहेर जायला दुसरं दार नाही. सईदा त्या एकाच दारासमोर बसून होती, सगळा वेळ. तिनं दिलेली चादर ओट्यावर घडी करून ठेवलेली. घडी मोडलेलीच नव्हती.

सईदा म्हणाली, “पण आत्ता तर…”

मग तिनं खाली पाहिलं. त्यानंही पाहिलं.

थांब अरमान, दार वाऱ्यानं वाजलं. बस खाली. सांगतो ते, पण आधी पुढं काय झालं ते ऐका.

कोर्ट उघडलं त्या दिवशी अशफाक न्यायाधीशबाईंसमोर उभा राहिला. कुणी विचारलं नव्हतं. प्रतिज्ञापत्र दिलं, की बाई जिवंत होती, मी तिला पाहिलं, तिच्याशी बोललो, आणि खोटं लिहिलं. त्या कोर्टात मी बसलो होतो. पंखा बंद होता, आणि माणसं दारापर्यंत उभी होती. न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, “तुम्ही असं का केलंत?” तो म्हणाला, “मला पाटी पाहिजे होती.”

नेमणूक गेली. सनदेवर कारवाई झाली. निकाल फिरला. अंजनाच्या मृत्यूची तारीख चंपाषष्ठीची लागली, आणि त्या आधी ती होती, असं कागदावर आलं. जमिनीचं म्हणाल तर तिला ना लेकरू, ना नवऱ्याचा पत्ता. बापाकडून आलेला तिचा हिस्सा कायद्यानं फिरून भावांकडंच गेला. अशफाक मला म्हणायचा, “बघ शहादेव, तेव्हा खरं लिहिलं असतं तरी सिदूचं काय बिघडत होतं? एक सही मागायची होती. तिनं दिली असती.”

सनद नंतर परत मिळाली, पण तो कोर्टात आला नाही. चंद्रभागाबाईला दर महिन्याला भेटून यायचा, ती होती तोवर. तिथं जाऊन काय बोलायचा, मी विचारलं नाही.

तर स्वयंपाकघर.

पांढऱ्या फरशीचं, बरं का. शहरातलं घर, दुसरा मजला, खाली गुरं नाहीत की गोठा नाही. आणि त्या पांढऱ्या फरशीवर, ओट्याच्या बाजूला, एक माणूस अंग मुडपून झोपेल एवढी जागा शेणानं सारवलेली होती. कडा अगदी नीट. आपल्या घरात बाई सारवते ना, तशी. ओली होती.

सईदाभाभींनी त्या रात्री ती पुसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अशफाकनं पुसू दिली नसती. आजही त्या जागेला वळसा घालून गॅसपाशी जातात. तिथं पाय देत नाहीत.

मधे किती उन्हाळे गेले. गेल्या मे महिन्यात मी त्याच्याकडं गेलतो. बीडात तेव्हा ऊन कसं होतं तुम्हाला माहीत आहे. नळाला पाणी नव्हतं, भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. अशफाक बाहेर बसला होता. मी एकटाच आत गेलो. खाली वाकलो, आणि त्या सारवणावर तळहात टेकवला.

गार होतं. ओलं. आत्ताच कुणीतरी सारवून उठावं, तसं.